हायडा खांब आणि आमच्या बाई

बाईंची माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या माझ्याकडे न बघता टेबलावर टकटक करत होत्या. हॉलंडमधल्या लायडनच्या एका संग्रहालयातली मीटिंगची खोली. मी सहा महिन्यांच्या कंत्राटावर नव्यानं आलेली, अंगातला कोटसुद्धा अजून काढला नव्हता. बाईंनी बोटाच्या पेरानं टेबल तीन ठिकाणी वाजवलं, मान जरा कलती करून ऐकलं आणि मराठीत म्हणाल्या, "आत भुसा आहे. वरून ओकचा नुसता कागद चिकटवलाय. बस तू." मग माझं नाव विचारलं.

ही त्यांची सवयच होती. जातील तिथलं लाकूड वाजवून बघायच्या. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरांकडे तपासून घ्यायला गेल्या तर दाराची चौकट, खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत पासपोर्टच्या कामाला गेल्या तर काउंटर. रायस्वाइकला माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा माझ्या नवऱ्यानं हौसेनं घेतलेलं जेवणाचं टेबल त्यांनी वाजवलं आणि काहीच बोलल्या नाहीत. नवरा पुढे आठवडाभर त्या टेबलाकडे संशयानं बघत होता.

त्यांचं लहानपण चिपळूणला वडिलांच्या लाकडाच्या वखारीत गेलं. ऐन कुठला, किंजळ कुठला, शिवण कुठली, हे त्यांना अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. लाकडी वस्तू जपण्याचं शिक्षण घ्यायला म्हणून दोन वर्षांसाठी हॉलंडला आल्या आणि तीसहून अधिक वर्षं राहिल्या. कालव्याकाठी एका अरुंद घरात एकट्याच राहायच्या. ग्रोफव्हाउलच्या दिवशी, म्हणजे लोक मोडकं सामान उचलून न्यायला रस्त्यावर काढून ठेवतात त्या दिवशी, त्या पहाटेच सायकल घेऊन निघत. येताना सायकलच्या पेटीत खुर्चीचे पाय, कपाटाची फळी, पाळण्याची दांडी. घरात बसायला दोनच खुर्च्या होत्या, पण खुर्च्यांचे पाय मात्र जिन्याखाली गच्च भरलेले. कशाला ठेवता, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, चांगल्या लाकडाला पावसात टाकून मला घरात झोप येत नाही.

ऑफिसात त्या सगळ्यांना थोड्या अवघड वाटायच्या. तपासणीच्या छापील फॉर्ममध्ये त्यांनी स्वतःच एक रकाना वाढवला होता: 'मला माहीत नाही'. आम्ही कनिष्ठ लोकांनी तो रिकामा सोडला की फॉर्म परत यायचा. माझा पहिला फॉर्म चार वेळा परत आला. एवढ्या जुन्या वस्तूत तुला माहीत नसलेलं एकही काही नाही, असं कसं होईल, असं त्या शांतपणे विचारत. चौथ्या वेळी मी चिडून रकाना भरभरून लिहिला. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या डब्यातली बिरड्याची उसळ दिली.

त्यांचं नाव ज्या कामामुळे झालं ते काम म्हणजे संग्रहालयाच्या अंगणातला हायडा लोकांचा खांब. पुण्यात एमएस्सीला असताना आम्हाला त्याच्यावर एक धडा होता, त्यामुळे बाईंना भेटायच्याही आधीपासून मी तो खांब ओळखत होते. हायडा हे कॅनडाच्या पश्चिमेला समुद्रातल्या बेटांवर राहणारे लोक. एका अख्ख्या झाडाच्या खोडावर ते आपल्या कुळाची चिन्हं कोरतात आणि तो खांब घरासमोर किंवा मेलेल्या मोठ्या माणसाच्या आठवणीसाठी उभा करतात. आमच्या खांबावर सगळ्यात खाली एक अस्वल होतं, त्याच्या तोंडात बेडूक, अस्वलाच्या वर एक प्रचंड देवमासा आणि टोकाला उंच टोपी घातलेला एक छोटा माणूस. साथीच्या रोगानं गावंच्या गावं ओस पडली, त्या काळात कुणीतरी तो उचलून जहाजावर घातला आणि हस्ते-परहस्ते तो इथे येऊन पोचला. कुणी, कुणाला विचारून, याची संग्रहालयाकडे नोंद नव्हती.

बाई तरुण होत्या तेव्हा हा खांब बुंध्याशी पोकळ झाला होता, पडायच्या बेतात होता. त्यांनी आतला कुजका भाग काढला, पोकळीत रेझिन ओतलं, वर टोपण बसवलं, बाहेरून पाणी मुरू नये म्हणून लेप दिला. काम इतकं देखणं झालं की जोड कुठे आहे ते सांगूनही दिसत नसे. त्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला, देशोदेशी भाषणं दिली. पुण्याच्या आमच्या पुस्तकातला तो धडा म्हणजे त्यांचाच निबंध, आणि त्यातला फोटो याच खांबाचा.

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी बाई खांबाजवळ जाऊन "हात लावते हं" असं मराठीत म्हणायच्या. डच लोक गालात हसायचे. बाईंचं म्हणणं असं की, मोठ्या माणसाच्या अंगाला न सांगता हात लावत नाहीत, आणि डच तर त्यानं पुष्कळ ऐकलंय.

एकदा कापेलहून आलेलं एक मराठी कुटुंब खांबासमोर उभं राहून हात जोडत होतं. त्यातल्या आजींनी चपलासुद्धा काढल्या होत्या. बाई लगबगीनं गेल्या आणि हा देव नाही म्हणून सांगितलं. आजी गोंधळल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, "आजी, आपण नवीन माणूस भेटलं की विचारतो ना, कुठले तुम्ही, आडनाव काय, कुलस्वामी कोण? ते सगळं या लोकांनी एका झाडात सांगून ठेवलंय. ही घराण्याची पाटी आहे." आजींनी जरा विचार केला, चपला घातल्या आणि म्हणाल्या की मग नमस्कार केला तर बिघडलं कुठे, कुणाचे तरी पूर्वजच आहेत. बाईंना ते उत्तर फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या.

खांबाचं लाकूड कुठलं, असं विचारणाऱ्याला त्या, इंग्रजीत त्याला सीडर म्हणत असले तरी, देवदार म्हणू देत नसत. बंगल्याच्या कुंपणाला आपण मोरपंखी लावतो ना, तिचा थोरला चुलत भाऊ, असं सांगत. आणि खांबाशेजारच्या माहितीच्या पाटीवर त्यांचा जुना राग होता. पाटीवर 'बेडूक खाणारे अस्वल' असं लिहिलं होतं. बाई म्हणायच्या, हे तोंड खाणाऱ्याचं नाही, जपून धरणाऱ्याचं आहे. पण पुराव्याशिवाय पाटी बदलता येत नव्हती, आणि पुरावा त्यांच्याकडेही नव्हता. तो मुद्दा त्यांनी आपल्या रकान्यात लिहून ठेवला होता.

मला नेमलं होतं ते याच खांबासाठी. अंगणाचं नूतनीकरण व्हायचं होतं आणि त्याआधी खांबाची तपासणी करून त्याला पुन्हा रंगवून ताजातवाना करायचा बेत होता. माझ्याकडे सुईसारख्या बारीक ड्रिलचं एक यंत्र होतं. लाकडात सुई शिरताना किती जोर लागतो याचा आलेख ते काढतं. लाकूड घट्ट असेल तर रेघ वर, पोकळ असेल तर रेघ खाली.

पहिल्या सुईलाच रेघ खाली गेली. दुसरीकडे घेतलं, तिथेही तेच. रेझिन जागच्या जागी होतं, दगडासारखं. त्याच्या भोवतीचं लाकूड मात्र बोटभर जाडीचं कवच सोडलं तर गेलं होतं. प्रकार माझ्या लक्षात आला. वरच्या भेगांमधून थोडं थोडं पाणी आत जातच होतं, आणि रेझिननं व लेपानं त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती. पाणी तीस वर्षं आत कोंडून राहिलं. जिथे जिथे दुरुस्ती, तिथे तिथे कूज.

मी यंत्र पेटीत भरलं आणि बाईंना म्हटलं की आकडे नीट तपासून उद्या सांगते. त्या खांबाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "सांग आत्ताच. आलेख माझ्या चेहऱ्याकडे बघून नाही बदलणार."

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून सगळ्या रेघा पाहिल्या. मग तिथलीच एक रिकामी बादली उलटी करून तिच्यावर बसल्या. मला तिथे थांबवेना आणि जाववेना. शेवटी म्हणाल्या, "याच्यावर भाषणं दिली मी. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या." आवाज कोरडा होता. मग उठल्या आणि खांबावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या वेळी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

अहवाल मी लिहायचा होता. माझं कंत्राट वाढायचं की नाही ते त्यानंतर ठरणार होतं आणि ते ठरवताना बाईंचं मत विचारलं जाणार होतं. पण खरं सांगायचं तर मी घाबरले ते त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीला. त्यांना दुखवायला मला जमत नव्हतं. आमचे विभागप्रमुख सभ्य डच गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की 'पूर्वीच्या हस्तक्षेपांचे परिणाम' असं लिहिलं तर पुरे, बाई वर्षभरात निवृत्त होणार आहेत. मला ते पटलं. मी तसंच लिहिलं आणि मनातल्या मनात सुटले.

दुसऱ्या दिवशी मसुदा बाईंकडून परत आला. ते वाक्य खोडून त्यांनी त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं की ही दुरुस्ती मी केली, स्वतःच्या निर्णयानं केली, आणि खांब आतून कुजला तो तिच्यामुळे. खाली पूर्ण नाव. त्याखाली दुसरी नोंद होती. दुरुस्तीपूर्वी ज्यांचा खांब आहे त्यांना विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. तेव्हा तसा नियम नव्हता, पण मलाही सुचलं नाही.

बैठकीत प्रमुखांनी त्यांना समजावून पाहिलं. एवढं स्पष्ट लिहायची गरज नाही, त्या काळी सगळेच रेझिन वापरत होते. ते खोटंही नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की पुण्यात, मेक्सिकोत, कुठे कुठे मुलं माझा धडा वाचून अजून रेझिन ओततायत, त्यांना हे कोण सांगणार? आणि पुढचं वाक्य त्यांनी डचमध्ये, एकेक शब्द सुटा करून म्हटलं: "आता घरमालकाला विचारल्याशिवाय मी याला छिन्नी लावणार नाही, आणि कुणाला लावू देणार नाही."

घरमालक सापडायला आठ महिने लागले. बाईंनी बेटांवरच्या लोकांना पत्रांमागून पत्रं लिहिली. मजकूर त्या आधी मराठीत कच्चा लिहायच्या, मग इंग्रजीत. इंग्रजीत माफी फार लवकर मागून होते, असं त्यांचं म्हणणं. अंगणाचं काम रखडलं, वरिष्ठ कुरकुरले. माझं कंत्राट मात्र वाढलं. त्यासाठी बाईंनी काय लिहिलं होतं ते मला नंतर कळलं: 'हिला वाईट बातमी सांगता येत नाही. शिकवीन.'

एका वसंतात दोघं जण आले. ऐंशीच्या घरातल्या एक आजी आणि त्यांच्या मुलीचा मुलगा, चाळिशीचा, स्वतः खांब कोरणारा. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, म्हणून आजीचं घराणं तेच नातवाचं. तो आजीला 'नानी' म्हणून हाक मारत होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. हायडा भाषेत आजीला तोच शब्द आहे हे ऐकल्यावर बाईंनी लगेच त्यांना नानी म्हणायला सुरुवात केली आणि नानींनीही ते चालवून घेतलं.

तोवर खांब उतरवून वर्कशॉपमध्ये आडवा ठेवलेला होता. प्रमुखांनी स्वागताचं छोटं भाषण तयार केलं होतं, ते हातातच राहिलं. नानी सरळ खांबाकडे गेल्या, अस्वलाच्या कपाळावर तळहात ठेवला आणि त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या, मधे थोडं गायल्या. आम्ही भिंतीशी उभे होतो. मग वळून त्यांनी बेडकाला बोट लावलं आणि नातवाला काहीतरी सांगितलं. त्यानं आम्हाला सांगितलं की ज्याच्यासाठी हा खांब उभा केला त्याच्या बायकोच्या घराण्याचं हे चिन्ह. तिचा मान राखायला अस्वलाच्या तोंडी दिलंय. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण त्यांची मान ताठ झालेली मला दिसली.

नंतर बाई पुढे झाल्या. मी या खांबाचं असं असं केलं, तुम्हाला न विचारता केलं, आणि त्यामुळे तो आतून गेला, असं त्यांनी सांगितलं. नानींनी रेझिनच्या ढेकळावर नख वाजवलं. मग विचारलं, हे घातलं नसतं तर तेव्हा काय झालं असतं? बाई म्हणाल्या की त्याच वर्षी पडला असता आणि बहुतेक संग्रहालयानं मोडीत काढला असता.

नानी म्हणाल्या, "मग तू त्याला आतून खाल्लंस आणि आम्ही येईपर्यंत उभंही ठेवलंस. दोन्ही खरं आहे. दोन्ही लक्षात ठेव."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

रेझिन काढायला तीन आठवडे लागले. नातू मुद्दाम राहिला. मशीन वापरलं नाही, हातानंच, बारीक छिन्नीनं. आपल्या तरुणपणीची सगळ्यात देखणी कारागिरी बाई स्वतः कणाकणानं फोडत होत्या आणि डबड्यात भरत होत्या. एकदा काम करता करता त्या सहज म्हणाल्या की ज्यानं हा कोरला तो डावखुरा असला पाहिजे, वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे घाव सगळे उलट्या अंगानं पडलेत. नातवाची छिन्नी थांबली. त्यानं तिथूनच नानींना फोन लावला. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एवढंच सांगत आले होते की आपला खांब एका डावऱ्या माणसानं कोरला. नाव साथीत गेलं, तेवढं डावरेपण राहिलं होतं. ते लाकडात आहे हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. त्यानंतर नातू दिवसभर बाईंचा हात धरून प्रत्येक घावावरून फिरवत होता, आणि बाई सांगत होत्या, इथे तो दमलाय, इथे हत्याराला धार लावून आलाय.

खांबाचं पुढे काय करायचं ते त्यांच्या घराण्यानं ठरवलं. परत न्यायचा, पण पुन्हा उभा करायचा नाही. उभं राहण्याचं त्याचं काम झालं होतं. जुन्या गावच्या जागी, जंगलात, जमिनीवर ठेवायचा. एरवी पडलेल्या खांबाचं जे होतं ते त्याचं होऊ द्यायचं. नातू तसाच नवा कोरणार होता. संग्रहालयात यावर खूप चर्चा झाली. एवढा खर्च करून नेऊन कुजू द्यायचा, हे काहींच्या गळी उतरेना. प्रमुखांनी शेवटी सही केली, त्यांना त्याचं श्रेय दिलं पाहिजे. कागदपत्रांत दोन वर्षं गेली. बाई मधल्या काळात निवृत्त झाल्या, पण वर्कशॉपची किल्ली त्यांनी परत केली नाही आणि कुणी मागितलीही नाही. लेप काढलेला खांब तिथे खडखडीत वाळत होता.

तो निघाला तेव्हा त्यांनाही बोलावणं आलं. पाहुणी म्हणून नव्हे. हायडांकडे समारंभाला येणारा माणूस साक्षीदार असतो. जे पाहिलं ते लक्षात ठेवायचं आणि कुणी विचारलं तर जसं झालं तसं सांगायचं, एवढं त्याचं काम. बाई गेल्या. तीन आठवड्यांनी परत आल्या. एकही फोटो काढला नव्हता. एका नियतकालिकानं लेख मागितला, त्यांना नाही म्हणून कळवलं. मला म्हणाल्या, लिहायला ती गोष्ट माझी नाही. विचारेल त्याला सांगीन.

म्हणून मी एका रविवारी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. बोटीतून जावं लागतं. गाव म्हणून आता काही नाही, घरांचे चौकोनी खड्डे तेवढे उरलेत, त्यांत शेवाळ. पंचवीस-तीस जणांनी खांब हातांवर उचलून नेला आणि समुद्राकडे डोकं करून उताणा ठेवला. ज्याच्यासाठी खांब उभा केला होता त्या माणसाचं नाव नानींनी मोठ्यानं चार वेळा घेतलं. मग सगळे जेवायला किनाऱ्यावर उतरले. बाई मागे राहिल्या.

"थोड्या वेळानं झिमझिम सुरू झाली," त्या म्हणाल्या. "कोरडं लाकूड ते. आधी रंग गडद झाला, मग कोरलेल्या रेषा एकेक करून वर आल्या. आत्ता कुणी कोरून उठलंय असं वाटावं. खिशात माझा मोठा रुमाल होता. हात गेला खिशाकडे."

मी विचारलं, मग?

"मग काही नाही. भिजू दिला."